टेलला पाणी येईना

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या भावकीतल्या एका आजोबांचा दहावा होता, रामकुंडावर. विधी लांबला, तो नेहमी लांबतोच, आणि सगळं आवरेपर्यंत बाराला आले. नाशिकची हवा थंड म्हणून आपण गावभर मिरवतो, पण मे महिन्यात भर दुपारी गोदाकाठच्या त्या काळ्या दगडांवर अनवाणी उभं राहून दाखवा मग बोलू. चपला पलीकडे गाडीत राहिलेल्या. मी, माझा आतेभाऊ, दोन काका, सगळे आधी टाचांवर, मग चवड्यांवर, मग लाज सोडून सरळ पळत कपालेश्वराच्या पायऱ्यांजवळच्या सावलीत. आणि आमचे नाना, वय ६८, हातात तांब्या, कुणाची तरी विचारपूस करत करत त्या तव्यावरून असे सावकाश चालत आले जसे काय सकाळी बागेत फेरी मारायला निघालेत.

आतेभाऊ म्हणाला, "हे बघ, याला म्हणतात जुनं हाड."

मलाही बरं वाटलं ऐकून, खोटं कशाला बोलू. आमच्या घरात नाना म्हणजे न कण्हणारा माणूस. निफाड तालुक्यात द्राक्षबाग, चाळीस वर्षं छाटण्या केल्या, कात्रीने बोट कापलं तर चिंधी बांधून पुढची वेल. डिसेंबरात आमच्याकडे दवबिंदू गोठतात तेव्हासुद्धा पहाटे अनवाणी पाणी धरायला जाणार. दुखतंय हा शब्द त्यांच्या तोंडून मी क्वचित ऐकला असेल.

त्या रात्री आई-नाना आमच्याकडेच सिडकोत मुक्कामाला होते. सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो पाय पुसून येत जा की, सगळ्या फरशीवर ठसे केलेत." मी पाहिलं तर बाथरूमच्या दिशेने नाही, पलंगापासून ठसे सुरू होत होते. ओले, जरा चिकट. नानांना खुर्चीत बसवून पाय वर घेतला तर चवड्याखाली रुपयाएवढे दोन फोड, एक फुटलेला, कातडी सुटून लोंबत होती. दुसऱ्या पायाला टाचेजवळ एक. मला बघूनच कसंतरी झालं, आणि ते माझ्याकडे बघून विचारतात, "काय झालं रे?"

*

नानांना शुगर आहे ती १४ वर्षांपासून. दर तीन-चार महिन्यांनी रिपोर्ट, गोळ्या, "भात कमी करा", पुढचा पेशंट. इतक्या वर्षांत ज्या दवाखान्यात ते जात होते तिथे एकदाही कुणी त्यांना बूट-मोजे काढायला सांगितलं नव्हतं. राग आला, पण मग माझ्या लक्षात आलं की घरच्यांनी तरी कुठे पाहिले होते त्यांचे पाय. असो.

नव्या डॉक्टर मॅडमनी जखम साफ केली, पट्टी केली आणि मग ड्रॉवरमधून एक प्लास्टिकची दांडी काढली, टोकाला नायलॉनचा दोरा, मासे धरायच्या गळाच्या दोऱ्यासारखा जाडसर. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात, तो कातडीवर टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅम जोर झाला की वाकतो, त्यामुळे कुणीही दाबला तरी जोर तेवढाच. मॅडम म्हणाल्या, "काका डोळे मिटा, लागलं की हो म्हणा." अंगठा. "हो." चवडा. "हो." करंगळी. "हो." मला हायसं वाटलं. मग मॅडमनी दोरा नुसता हवेत धरला, पायापासून वीतभर लांब, आणि थांबल्या.

"हो," नाना म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत. नानांना ताल कळला होता. दर दोन सेकंदांनी हो म्हणायचं, शाळेत हजेरी द्यावी तसं. मग चिमटा आला, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, सेकंदाला १२८ वेळा थरथरणारा, तो वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "काही वाटतंय?" "थंड लागतंय," हे उत्तर मात्र खरं असावं की लोखंड थंडच असणार म्हणून, देव जाणे. तोच फोर्क मनगटाच्या हाडावर टेकवला तेव्हा नाना एकदम दचकले, "आयला, हे तर फोनसारखं वाजतंय." म्हणजे थरथर काय असते ते माहीत होतं, पायापर्यंत ती पोचतच नव्हती. किंवा पायापासून निघतच नव्हती.

"काका, तुम्हाला पायाचं कळत नाहीये," मॅडम म्हणाल्या.

नानांनी जे उत्तर दिलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. "दुखत नाही म्हणजे चांगलंच ना मॅडम?"

*

आता मी कोण, तर अंबडला एका कंपनीत कंट्रोल पॅनलची वायरिंग करणारा माणूस. डॉक्टर नाही. पण मॅडमनी जे समजावलं आणि मग मी रात्री जागून जे वाचत बसलो ते मला माझ्या कामातूनच कळत गेलं, म्हणून तसंच सांगतो.

आमच्याकडे टाकीची पातळी, तापमान, प्रेशर असलं काही मोजणारा सेन्सर असतो, तो पॅनलला करंट पाठवतो, ४ ते २० मिलिअँप. २० म्हणजे टाकी फुल. रिकामी असेल तर शून्य पाठवत नाही, ४ पाठवतो. नवीन पोरं हमखास विचारतात की ४ का, ० का नाही. कारण वायर तुटली तर शून्य येतं. ० आलं की पॅनलला कळतं की टाकी रिकामी नाहीये, वायर तुटलीये, आणि लगेच अलार्म. कुणी शोधून काढलं माहीत नाही पण ज्याने काढलं त्याला नमस्कार.

शरीरात दुखण्याच्या वायरला ही ४ मिलिअँपची सोय नाही. दुखणं नेणारे तंतू एरवी गप्प असतात. सगळं ठीक असलं तरी गप्प आणि तुटले तरी गप्प. वर मेंदूला दोन्ही सारखंच, त्याच्या हिशेबी पाय मजेत आहे. नाना खोटं बोलत नव्हते. त्यांच्या पॅनलवर खरंच काही दिसत नव्हतं.

उत्तर पाकिस्तानातल्या एका मुलाबद्दल वाचलं, रस्त्यावर खेळ करायचा, हातात सुरे खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा, लोक बघायला जमायचे. जन्मल्यापासून त्याला दुखणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, बाकी स्पर्श, गरम-थंड सगळं कळायचं. घराच्या छतावरून उडी मारली आणि चौदा वर्षं पूर्ण व्हायच्या आत गेला. त्याच्या नात्यागोत्यातल्या तशाच मुलांना तपासून २००६ साली शास्त्रज्ञांनी जीन शोधला, एससीएन९ए. दुखण्याच्या तंतूत सोडियम आत घेणारं एक दार असतं ते या जीनवरून बनतं आणि या मुलांत ते दार बनलेलंच नव्हतं. निखाऱ्यांचं वाचलं आणि मला रामकुंड आठवलं. तिथेही आम्ही कौतुकानेच बघत होतो की.

आणि कुष्ठरोगाचंही तसंच, आपल्याकडे लोकांना वाटतं रोगाने बोटं झडतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी वर्षानुवर्षं असे हात-पाय बघून दाखवून दिलं की रोग नसा मारतो, बोटं जातात ती न कळलेल्या चटक्यांनी, जखमांनी, त्याच जखमेवर चालत राहिल्याने.

*

पण मुळात हे पोचतं कसं? शाळेत शिकलो होतो की नसा म्हणजे वायरी, इकडे दाबलं की तिकडे बेल वाजते. तसं नाही.

एक तर ती एक वायर नाही, वेगवेगळ्या जातीच्या आहेत. हलका स्पर्श, थरथर नेणारे तंतू जाड, वरून चरबीचं इन्सुलेशन घातलेले, त्यांचा वेग साधारण सेकंदाला ३५ ते ७५ मीटर, म्हणजे पंचवटी एक्सप्रेसला सहज मागे टाकतील. टोचल्याचं तीक्ष्ण दुखणं नेणारे त्याहून बारीक, इन्सुलेशन पातळ, सेकंदाला ५ ते ३० मीटर. आणि तिसरे उघडेच, इन्सुलेशनच नाही, सेकंदाला मीटरभर जातील कसेबसे. ताशी साडेतीन किलोमीटर. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी दिंड्या जातात ना, तो वेग.

हे घरच्या घरी तपासता येतं, मुद्दाम करू नका, आपोआप होतंच कधीतरी. रात्री अंधारात करंगळी पलंगाच्या पायावर आपटते. आपटल्याचं लगेच कळतं, एक कळ सर्रकन येते, आणि मग एक क्षण असतो, तुम्ही पाय धरून एका पायावर उभे, तोंड उघडं, आवाज नाही, कारण तुम्हाला अनुभवाने माहितीये की खरं दुखणं अजून यायचंय. ते येतं, सेकंदभराने, जाड, ठणकणारं. तो सेकंद म्हणजे दिंडी करंगळीपासून कमरेपर्यंत चालत येतीये.

तव्याचा चटका बसला की हात तर त्याच्याही आधी मागे येतो. ते मेंदूला विचारून होत नाही, सिग्नल पाठीच्या कण्यात शिरला की तिथूनच परस्पर स्नायूला ऑर्डर जाते, वरच्या साहेबांना नंतर कळवलं जातं. आमच्याकडे इमर्जन्सी स्टॉप पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, प्रोग्रामवर सोडत नाहीत, थेट हार्डवायर करतात, तेच. रामकुंडावर आम्ही जे नाचत होतो त्यात अक्कल फारशी नव्हती, कणाच नाचवत होता.

दुसरी गोष्ट, सिग्नल लहान-मोठा होत नाही. एकोणीसशे वीसच्या दशकात केंब्रिजमध्ये एडगर एड्रियनने एकेका तंतूवरचे सिग्नल पकडले तेव्हा दिसलं की प्रत्येक ठोका सारख्याच उंचीचा असतो, जोरात दाबलं की ठोके जास्त वेगाने येतात, एवढंच. पुढे १९३२ चं नोबेल मिळालं त्याला. मला हे वाचून फार गंमत वाटली कारण मशीन किती फिरलं ते सांगणारे आमचे एन्कोडर असेच पल्सवर चालतात. म्हणजे पायातून वर "दुखतंय" असा निरोप जात नाही, नुसती टिकटिक जाते. ती कुठल्या वायरीवर आली यावरून मेंदू ठरवतो की हे गरम, हे टोचलं, हा डावा अंगठा. दुखणं पायात नसतंच, पायात असते ती टिकटिक.

हे लक्षात आलं की मिसळीचंही कळतं. मिरचीत आग नसते. पण कातडीतल्या आणि जिभेवरच्या काही तंतूंवर एक दार असतं जे साधारण ४३ अंशांच्या वर उघडतं, आणि मिरचीतलं कॅप्सेसिन तेच दार उघडतं. मेंदूला टिकटिक गेली, वायर "गरम"ची, झालं, तोंड भाजतंय. डेव्हिड ज्युलियसने १९९७ मध्ये हे दार शोधलं, २०२१ चं नोबेल त्याला आणि दाब कळणारी दारं शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियनला मिळालं. आपण मात्र एक्स्ट्रा तर्री मागवून नाक पुसत बसतो आणि याला रविवारची सकाळ म्हणतो.

*

आता नानांच्या पायाचं. पायच का? हात का नाही, पाठ का नाही? मॅडमनी सांगितलं की लांबीमुळे. अंगठ्यातून निघालेला स्पर्शाचा तंतू म्हणजे एकच पेशी आहे, तिचं मुख्य घर कमरेपाशी मणक्याच्या बाजूला, तिथून एक फांदी खाली अंगठ्यापर्यंत आणि दुसरी वर मेंदूच्या तळापर्यंत. एकच पेशी, दीड मीटर. (दुखण्याची कमरेतच खो देते, तिथून पुढची पेशी बाजू बदलून वर जाते. डाव्या पायाचं दुखणं कण्याच्या उजव्या अंगाने चढतं आणि स्पर्श डाव्याच अंगाने चढून पार मेंदूपाशी बाजू बदलतो. का असं, देवालाच ठाऊक, मी असं वायरिंग केलं असतं तर सुपरवायझरने घरी पाठवलं असतं.) आणि त्या दीड मीटरला लागणारा माल त्या एका घरातून पोचवायचा. जलद माल दिवसाला ४० सेंटीमीटर जातो. काही प्रथिनं दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतात, म्हणजे मीटरभर जायला पावणेतीन वर्षं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की हे तंतू आणि त्यांना रक्त देणाऱ्या बारीक नळ्या दोन्ही खराब होतात, आणि पहिला फटका सगळ्यात लांबच्या टोकाला.

मी हे नानांना माझ्या परीने सांगत होतो, वायर, सप्लाय, व्होल्टेज ड्रॉप वगैरे. त्यांनी पूर्ण ऐकलंही नाही.

"म्हणजे टेलला पाणी येईना," ते म्हणाले.

मी गप्पच झालो. पाटाचं आवर्तन सुटलं की वरच्या अंगाचे आधी भरून घेतात, चारी फुटलेली, गाळ साचलेला, आणि टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची बाग वाळते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. कालवा बुजत आला तर आधी टेल मरतं, मग त्याच्या वरचा. मोज्यासारखं वर चढतं हे दुखणं, नव्हे, हे न दुखणं. गुडघ्यापर्यंत आलं की मग बोटांच्या टोकांना सुरू होतं कारण अंतर तेवढंच. हे ऐकल्यावर मात्र नाना पहिल्यांदा घाबरलेले दिसले. पाय गेला तर गेला पण बोटं? थिनिंगच्या वेळी घडात बोटं घालून कुठला मणी ठेवायचा, कुठला काढायचा हे ते बघत नाहीत, चाचपतात, तोंडाने दुसऱ्याच कुणाला शिव्या देत. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन टोक वेगळे कळतात, पाठीवर तेच चार सेंटीमीटर अंतर ठेवलं तरी एकच वाटतं. मेंदूच्या नकाशातही बोटांना आणि ओठांना भलीमोठी जागा आणि अख्ख्या पाठीला चिमूटभर. माँट्रियलच्या पेनफिल्ड नावाच्या सर्जनने जाग्या पेशंटच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका झटका देऊन हा नकाशा काढला, १९३७ मध्ये छापला. मेंदूला स्वतःला दुखत नाही म्हणून जमलं ते.

*

सगळ्यात चमत्कारिक भाग रात्रीचा. ज्या पायाला रामकुंडाचा दगड कळला नाही, तोच पाय रात्री जळतो. आगआग होते, पातळ चादर टेकली तरी सहन होत नाही. आईला आधी वाटायचं नाना नाटकं करतात, दिवसा काही कळत नाही म्हणे आणि रात्री चादर टोचते म्हणे. मलाही पटेना. पण खराब वायर नेहमी शून्यच देते असं थोडंच आहे, इन्सुलेशन गेलेली वायर खोटे पल्सही देते, आम्ही तर रोज शिव्या घालतो तिला. मरत आलेले तंतू आपले आपणच टिकटिक करतात, वायर "आग"ची, पत्ता पायाचा. मेंदू बिचारा निरोप वाचतो. पाय जळतोय.

मॅडमनी रात्रीची गोळी दिलीये, ती जखमेवरची नाही, ही टिकटिक कमी करणारी. आणि आई पोटऱ्या चोळते. तिला कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी आम्ही पडलो की ती गुडघा चोळायची, फुंकर घालायची आणि म्हणायची "उठ उठ, काही नाही, मुंगी मेली बघ". आपण खरंच मेलेली मुंगी शोधायला लागायचो आणि रडायचं राहून जायचं. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की पाठीच्या कण्यात एक फाटक असतं, चोळल्याने जाड तंतूंवरून स्पर्श धावत येतो आणि दुखण्याचं फाटक अर्धवट लोटून घेतो, आणि वरून मेंदूही ते फाटक ओढून धरू शकतो, लक्ष दुसरीकडे असेल तर. त्यांच्या सिद्धांतात नंतर बऱ्याच दुरुस्त्या झाल्या पण गाभा टिकला. म्हणजे चोळणं हे खालून, मुंगी वरून. आईने दोन्ही वापरलं होतं.

आता नानांना मुंगी मेली म्हणून चालत नाही, तर ती शेजारच्यांची भांडणं सांगते. अर्धा तास. त्यांना झोप लागते.

*

फोड भरायला अडीच महिने लागले. तेवढा काळ पायावर भार नको म्हणून त्यांना आमच्याकडेच ठेवलं, आणि तो काळ कसा गेला ते विचारू नका, शेतकऱ्याला फ्लॅटमध्ये डांबलं तर काय होतं यावर वेगळं लिहीन कधीतरी. आता गावी आहेत. अनवाणी चालणं बंद, आंघोळीचं पाणी आधी आई कोपराने बघते, रोज रात्री मोबाईलचा टॉर्च लावून तळवे तपासते. आणि मॅडमचा नियम, बूट घालायच्या आधी आत हात घालून बघायचा.

मागच्या रविवारी गावी गेलो होतो. सकाळी सातला ओट्यावर नाना बूट मांडीवर घेऊन बसले होते, हात मनगटापर्यंत आत, मान वर, डोळे समोर बागेकडे. थिनिंग करताना असतात तसेच. बोटं आत फिरत होती, हळूहळू, टाचेकडून पुढे. मग थांबली. त्यांनी एक खडा बाहेर काढला, तुरीच्या डाळीएवढा, मला दाखवला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तिथे आधीच एक रांग होती, खडे, बाभळीचा काटा, तारेचा तुकडा, एक वाळलेला मणी.

"हा तारेचा कधीचा?" मी विचारलं.

"तो परवाचा. दिवसभर घालून फिरलो, संध्याकाळी सापडला," ते म्हणाले आणि दुसऱ्या बुटात हात घातला.